जमिनीखालचा कच्चा टाका

मिशिगनमध्ये वर्षाचे दोनच ऋतू असतात, एक हिवाळा आणि दुसरा रस्तादुरुस्तीचा. हा विनोद इथे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पहिल्या वर्षातच कोणीतरी ऐकवतं. एप्रिल उजाडला की रस्तोरस्ती नारिंगी पिंपं उगवतात आणि मंडळाच्या कार्यक्रमाला उशिरा पोचल्याचं खापर त्यांच्यावर फोडायला आपण मोकळे होतो. 'यापेक्षा पुण्याचे रस्ते बरे' असं म्हणणारे धाडसी लोकही आपल्यात आहेत! त्या वादात मी पडत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे आणि ती गाडीतून जाताना दिसत नाही. रस्ता पुष्कळदा वरून बिघडत नाही, तो खालून बिघडतो.

गॅसचा नळ टाकायला, पाण्याची गळती काढायला, टेलिफोनची नाहीतर इंटरनेटची केबल घालायला रस्ता खणतात. काम होतं, चर बुजवतात, वर डांबर घालून रोलर फिरवतात. नवाकोरा काळा पट्टा दिसायला लागतो. एक हिवाळा जातो, बर्फ वितळतं आणि त्या पट्ट्याच्या जागी बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. गाडीचं चाक त्यात धाडकन आपटतं आणि आपण नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडतो. डांबर बिचारं निर्दोष असतं. खालची माती बसलेली असते.

मी स्थापत्य अभियंता. पुण्यात बी.ई. केलं, इथे येऊन एम.एस. केलं आणि तेव्हापासून जमिनीखालच्या नळांच्या कामात आहे. आमच्या धंद्यात मिरवण्यासारखं काही नसतं. पूल बांधणाऱ्याला भारतातून आलेल्या पाहुण्यांना गाडीत घालून पूल दाखवायला नेता येतं. मी त्यांना काय दाखवणार? काम उत्तम झालं तर ते कोणाला दिसत नाही, आणि दिसलं तर समजावं की काहीतरी बिघडलं! तेव्हा या अंकात तरी त्या न दिसणाऱ्या कामातल्या एका पदार्थाची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख. इथे त्याला 'फ्लोएबल फिल' म्हणतात. आपण त्याला 'वाहती भर' म्हणू या.

चर बुजवणं सोपं नसतं

लहानपणी आपण सगळ्यांनीच अंगणात खड्डा खणून तो परत भरलेला आहे. उकरलेली सगळी माती परत टाकली तरी खड्ड्यात मावत नाही, वर उंचवटा राहतो. पहिला पाऊस पडला की तोच उंचवटा खचून खळगा होतो. खणताना मातीचे कण सुटे होतात, मध्ये हवा शिरते आणि पुढे पाणी मुरलं की ती हवा निघून जाऊन माती खाली बसते. ही हवा आधीच काढायची असेल तर माती थराथराने ठोकून बसवावी लागते. सहा-आठ इंचांचा थर टाकायचा, बेताचं पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. 'बेताचं पाणी' म्हणजे नेमकं किती, हे लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या रॅल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने 1933 साली प्रयोगाने दाखवून दिलं. आजही आमच्या निविदांमध्ये 'प्रॉक्टरच्या 95 टक्के' असं मातीच्या घट्टपणाचं माप लिहिलेलं असतं.

शास्त्र नव्वद वर्षांचं आहे, अडचण शास्त्राची नाही. अडचण अशी की अरुंद चरात पाईप टाकल्यावर दोन्ही बाजूंना हातभरही जागा नसते. पाईप गोल असतो, त्याच्या पोटाखाली, कुशीखाली धुम्मस पोचतच नाही. नेमक्या त्याच ठिकाणी पाईपला आधार हवा असतो. त्यात शुक्रवारची दुपार असली, आभाळ भरून आलेलं असलं, की सहा इंचांचा थर बारा इंचांचा होतो. तपासनीस येतो तोवर खालचे थर झाकलेले असतात. तो वरचा तपासतो, वरचा बरोबर असतो.

शिवाय प्रश्न जिवाचा आहे. धुम्मस करायची म्हणजे माणसाला चरात उतरावं लागतं. एक घनयार्ड मातीचं वजन साधारण 3,000 पौंड, म्हणजे एका लहान मोटारीएवढं. चराची बाजू ढासळली तर आत उभ्या असलेल्या माणसाला पळायला क्षणही मिळत नाही. पाच फूट किंवा त्याहून खोल चराला आधाराची व्यवस्था केल्याशिवाय माणूस आत उतरवू नये असा इथला कायदा आहे. तरीही 2022 या एका वर्षात अमेरिकेत चर ढासळून 39 कामगार मेले. त्यातले बरेचसे कोणाच्या तरी घरासमोरचा नळ बदलण्यासारखी साधीच कामं करत असणार. म्हणून चरात माणूस जितका कमी वेळ राहील तितकं बरं.

डोशाच्या पिठाएवढं पातळ

वाहती भर या सगळ्यावर उपाय करते तो अगदी सरळ. ठोकून बसवायची माती घालूच नका. त्याऐवजी असा पदार्थ ओता की जो आपण होऊन सगळीकडे पसरेल, पाईपच्या पोटाखाली शिरेल, आपण होऊन सपाट होईल आणि काही तासांत घट्ट होईल. रेडीमिक्सचा ट्रक येतो, पन्हळ चरावर धरतो आणि ओततो. आत कोणी उतरायची गरज नाही. पाईप टाकायला माणूस उतरतो तेव्हा आधार लागतोच, त्याला पर्याय नाही. पण बुजवायचं काम वरून होतं. धुम्मस करायला लागणारी जागा वाचते म्हणून चरही कमी रुंदीचा खणला तरी चालतो, म्हणजे तेवढा रस्ता कमी फुटतो.

आत असतं काय? सिमेंट, वाळू, पाणी आणि राख. नमुन्यादाखल एका घनयार्डाचा हिशोब सांगतो. सिमेंट 50 ते 100 पौंड, औष्णिक वीजकेंद्रातली राख 300 पौंडांच्या आसपास, वाळू 2,600 ते 2,800 पौंड आणि पाणी 450 ते 500 पौंड. घरासमोरच्या फुटपाथच्या काँक्रीटमध्ये तेवढ्याच जागेत 500 पौंडांच्या वर सिमेंट असतं, हे लक्षात घेतलं की दोन्हीतला फरक कळेल.

ती किती पातळ हवी, याची परीक्षा मला फार आवडते, कारण ती स्वयंपाकघरातली वाटते. तीन इंच व्यासाचं, सहा इंच उंचीचं, दोन्ही बाजूंनी उघडं नळकांडं सपाट पत्र्यावर ठेवायचं, काठोकाठ भरायचं आणि झटकन वर उचलायचं. पीठ जसं तव्यावर पसरतं तशी भर पत्र्यावर पसरते. निदान आठ इंचांचं वर्तुळ झालं आणि कडेला पाणी सुटलं नाही, तर ती पास! आमच्या एका तंत्रज्ञाला मी एकदा घरी डोशाला बोलावलं होतं. बायकोने तव्यावर पीठ घालून वाटीने फिरवलेलं पाहून तो म्हणाला, "यांना आमच्या प्रयोगशाळेत घेऊ या."

घट्ट झाली की नाही, हेही असंच साध्या युक्तीने पाहतात. 30 पौंडांचा लोखंडी अर्धगोल साडेचार इंचांवरून पाच वेळा पडू द्यायचा. पडलेला ठसा तीन इंच व्यासाच्या आत असला आणि वर पाणी चमकत नसलं, की त्यावर पुढचं काम करायला हरकत नाही. साधारण हवेत तीन ते पाच तासांत भरीवर चालता येतं. सकाळी ओतलं तर संध्याकाळी रस्ता वाहतुकीला खुला, असं बऱ्याच वेळा जमतं. पाणी निथळताना भर थोडी बसते, पण फुटामागे पाव इंचाच्या आतच, आणि जी काय बसायची ती पहिल्या काही तासांतच बसते. मातीसारखी दोन पावसाळे वाट पाहायला लावत नाही.

आपल्याच शेजारचा शोध

आमच्या डेट्रॉईट भागातल्या वाचकांना सांगायला आनंद वाटतो की हा पदार्थ इथलाच. त्याचा एक पूर्वज टेक्सासमधला आहे. 1964 साली तिथल्या कॅनेडियन रिव्हर पाणीयोजनेत अमेरिकन सरकारच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशनने 320 मैलांहून अधिक लांबीच्या पाईपखाली पातळ माती-सिमेंटचं अंथरूण घातलं. वाळू तिथलीच, वाऱ्याने साठलेली. दिवसाला 400 फूट होणारं काम 1,000 फुटांवर गेलं.

पण राख घातलेली आजची वाहती भर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉईट एडिसन ही वीज कंपनी आणि टोलीडोची कुल्मन ही रेडीमिक्स कंपनी यांनी मिळून तयार केली. दोघांचीही गरज होती. एकीकडे वीजकेंद्रात राखेचे डोंगर साठत होते, दुसरीकडे नव्या केंद्रांच्या पायाभोवती भरायला आणि ठोकायला लाखो घनयार्ड माती लागत होती. 'के-क्रीट' या नावाने तो पदार्थ बाजारात आला. सेंट क्लेअर नदीकाठच्या बेल रिव्हर वीजकेंद्राच्या बांधकामात त्यामुळे दहा लाख डॉलरहून अधिक बचत झाल्याचा अंदाज आहे. 1977 साली पेटंटंही मिळाली. पुढे ते हक्क रेडीमिक्सवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेला देऊन टाकण्यात आले. अट अशी की कोणी एकट्याने त्यावर मालकी सांगायची नाही. आज कुठल्याही गावचा रेडीमिक्सवाला हा पदार्थ करून देतो, ते त्या अटीमुळे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने 1984 साली यासाठी वेगळी समिती नेमली आणि 1994 साली तिचा पहिला अहवाल निघाला.

तळ्यापलीकडच्या मिलवॉकी शहरात तर याने एक छान काम केलं. मेनॉमनी नदीखालून जाणारा एक जुना, वापरात नसलेला बोगदा बुजवायचा होता. आत माणसं पाठवून माती ठोकणं म्हणजे आत्महत्याच. वरून ही भर सोडली आणि ती आपल्या पायाने बोगद्यात 235 फूट चालत गेली!

राख, वाळू आणि आजोबांची सुरखी

'वीजकेंद्रातली राख' म्हटलं की चुलीतली राख डोळ्यांसमोर येते. ही राख वेगळी. दळलेला कोळसा भट्टीत उडत असतानाच जळतो, त्यातली मातीची खनिजं वितळून हवेतच थिजतात आणि त्यांचे सूक्ष्म काचेचे गोळे होतात. धुराबरोबर निघालेले हे गोळे विजेच्या साहाय्याने पकडतात. त्यांचा आकार गोल असल्यामुळे ते बॉल बेअरिंगसारखे काम करतात आणि मिश्रण सहज वाहतं. शिवाय सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी त्यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि नवा चिकटा तयार होतो. म्हणून सिमेंट कमी लागतं.

ही क्रिया आपल्याला परकी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांच्या, विहिरींच्या बांधकामात चुन्यात भाजलेल्या विटांची पूड घालत. ती सुरखी. चुना एकटा पाण्यात टिकत नाही, सुरखीबरोबर टिकतो. रोमन लोक हेच काम नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. भट्टीत तापलेली माती, ज्वालामुखीत तापलेली माती आणि वीजकेंद्रात तापलेली माती, तिघींचा स्वभाव एकच.

राखेखेरीज दुसरेही उमेदवार आहेत. मोटारींच्या इंजिनाचे ठोकळे ओतायला फौंड्रीत वाळूचे साचे करतात. त्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते. बऱ्याच ओतकामांनंतर ती वाळू थकते, कडा झिजतात, मग टाकून द्यावी लागते. वाहत्या भरीत ती नव्या वाळूच्या जागी चालते. ओहायो आणि इंडियानात यावर बरंच काम झालं आहे. पोलादाच्या भट्टीतली मळी दळून सिमेंटच्या जागी वापरता येते. दगडाच्या खाणीतली भुकटी, सिमेंटच्या भट्टीतली धूळ, हेही वापरून झालं आहे. गंमत अशी की चांगल्या काँक्रीटला जो माल नापास, तो इथे पास होऊ शकतो, कारण इथे ताकद फारशी नकोच असते. हा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा.

ताकद कमी हवी ती का?

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला माझ्या शेजारी एका मित्राचे वडील बसले होते. महाराष्ट्रात सरकारी बांधकाम खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेले. मी काय काम करतो हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. मी सांगितलं की साध्या काँक्रीटची ताकद चौरस इंचाला 3,000 ते 4,000 पौंड असते, आणि आमची भर पुढे कधी उकरायची असेल तर आम्ही ती 300 च्या वर जाऊ देत नाही. फावड्याने उकरायची असेल तर 50 च्या आसपास.

काकांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम हलकं काँक्रीट घालता? अहो, आमच्याकडे चौकशी लागली असती!"

"काका, आमच्याकडे जास्त पक्कं घातलं तर चौकशी लागते," मी म्हणालो. "उद्या तोच नळ फुटला, तर उकरायचं कसं?"

काका विचारात पडले. पलीकडून काकू म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? कच्चा टाका घालतो ना आपण, तसं. उसवायचा असतो म्हणूनच कच्चा घालायचा."

मला इतकी वर्षं विद्यार्थ्यांना, कंत्राटदारांना जे समजावून सांगायला अर्धा तास लागतो, ते काकूंनी एका वाक्यात सांगून टाकलं. शहराच्या पोटात गॅस, पाणी, सांडपाणी, वीज, केबल असे नळ एकमेकांच्या अंगावरून गेलेले असतात. आज बुजवलेला चर दहा-वीस वर्षांत कोणीतरी पुन्हा उघडणार हे गृहीतच धरायचं. तेव्हा भर रस्त्याचा भार पेलण्याइतकी घट्ट हवी आणि बॅकहोच्या दातांना दाद देण्याइतकी मऊ हवी. घट्ट बसलेली चांगली मातीसुद्धा चौरस इंचाला 50-100 पौंडांपलीकडे फारशी जात नाही आणि तिच्यावर आपले रस्ते उभे असतात.

मजा अशी की ताकद वाढवणं सोपं, ती वाढू न देणं कठीण. राखेची चुन्याशी चाललेली क्रिया 28 दिवसांच्या परीक्षेनंतर थांबत नाही, ती महिनोन् महिने चालू राहते. कंत्राटदाराला वाटतं, चार पोती सिमेंट जास्त घातलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते दहा वर्षांनी, दुसऱ्याच्या वेळी. मध्यरात्री गळती शोधायला आलेल्या माणसाला जॅकहॅमर लावावा लागतो आणि त्या दणक्याने शेजारचा गॅसचा नळ धोक्यात येतो. सिनसिनाटी ज्या हॅमिल्टन काउंटीत आहे, तिथे यासाठी एक सूत्र बसवलं आहे. भरीचं वजन आणि ताकदीचं वर्गमूळ यांच्यावरून एक आकडा काढायचा. तो एकाच्या आत असला तर भर उकरता येते, वर गेला तर नाही. या सूत्रात वजनाला ताकदीपेक्षा जास्त मान आहे. म्हणून हवेचे बुडबुडे घालून हलकी केलेली भर उकरायला सोपी जाते.

पाईप तरंगतो तेव्हा

प्रत्येक गुणाची दुसरी बाजू असते. जे पाण्यासारखं वाहतं ते पाण्यासारखं उचलतंही. एका कामावर मी तपासणीला गेलो, तेव्हा कंत्राटदाराची माणसं चरावर डोकं धरून उभी होती. रिकामा प्लास्टिकचा सिवर पाईप त्यांनी चरात ठेवला आणि एकदम गळ्यापर्यंत भर ओतली. पाईप सावकाश वर आला आणि होडीसारखा तरंगायला लागला. मुकादम त्यावर पाय देऊन उभा राहिला, तर त्याच्या दोन्ही बाजूंचा पाईप वर! आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेलं त्यांना त्या दिवशी पटलं. हिशोब सोपा आहे. भरीचं वजन घनफुटाला 130 पौंडांच्या आसपास. 12 इंची पाईपचा एक फूट तुकडा पाऊण घनफुटाहून थोडी जास्त जागा अडवतो, म्हणजे त्याला वर ढकलणारा जोर सुमारे 100 पौंड. पाईपचं स्वतःचं वजन फुटाला 20 पौंडांच्या आत. म्हणून पाईप पट्ट्यांनी जखडून ठेवायचा, किंवा भर दोन-तीन हप्त्यांत ओतायची आणि खालचा थर धरल्यावर पुढचा घालायचा.

तोच नियम तळघराच्या भिंतीला. ओली भर भिंतीवर पाण्याच्या दुप्पट दाब देते. आठ फूट भर एका दमात ओतली तर भिंत आत येऊ शकते. लोखंडी नळ अर्धा मातीत आणि अर्धा भरीत असला तर सांध्याच्या जागी गंज लवकर धरतो, म्हणून तिथे नळाला गुंडाळी करावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताजी भर वरून सपाट आणि घट्ट दिसते, पण पाय दिला तर माणूस आत जातो. लहान मुलं, कुत्री यांच्यापासून तिला कुंपण हवंच.

राखेचं खरं ओझं

ही राख चरात गेली नाही तर जाते कुठे? तळ्यात. वीजकेंद्राशेजारी बांध घालून त्यात पाण्याबरोबर सोडून देतात. 22 डिसेंबर 2008 रोजी टेनेसीतल्या किंग्स्टन इथे असा बांध फुटला आणि सुमारे 54 लाख घनयार्ड राखेचा चिखल 300 एकरांवर आणि नदीत पसरला. आपल्या नागपूरजवळ, कोराडी वीजकेंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध जुलै 2022 च्या पावसात फुटला आणि राख आसपासच्या शेतांत आणि नदीत गेली. अमेरिकेच्या मानाने भारतीय कोळशात राख फार, 30 ते 45 टक्के. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, नाशिकजवळचं एकलहरे, ही नावं ज्यांच्या गावाजवळची आहेत त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारा तो करडा थर सांगायला नको.

राखेत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन असे घटक अल्प प्रमाणात असतात. घट्ट झालेल्या भरीतून पाणी सावकाश झिरपतं, म्हणून सुट्या राखेपेक्षा धोका कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक केंद्राची राख आणि प्रत्येक फौंड्रीची वाळू निराळी. तिच्यातून पाण्याबरोबर काय सुटतं हे प्रयोगशाळेत पाहिल्याशिवाय ती जमिनीत घालू नये. इथल्या पर्यावरण खात्याने 2014 साली फौंड्रीच्या वाळूला जो हिरवा कंदील दाखवला तो लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ओतकामातल्या वाळूपुरता, पितळेच्या नाही. कारण पितळेबरोबर शिसं येतं. 'टाकाऊतून टिकाऊ' हे म्हणायला छान आहे, पण कोणाची तरी कचराकुंडी रिकामी करायची म्हणून आपल्या विहिरीशेजारी काहीही पुरू देऊ नये.

इकडे आता उलटीच अडचण उभी आहे. 2007 साली अमेरिकेची जवळपास निम्मी वीज कोळशापासून येत होती, 2023 साली सुमारे 16 टक्के. आमच्याकडचं रिव्हर रूज केंद्र 2021 मध्ये बंद झालं, सेंट क्लेअर आणि ट्रेंटन चॅनेल 2022 मध्ये. आणि ज्या बेल रिव्हरच्या पायाभोवती ही भर ओतली गेली, तिथेही कोळशाऐवजी नैसर्गिक वायू जाळायचं कंपनीने ठरवलं. हवेच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण वायूची राख होत नाही. त्यामुळे ताजी राख महागली आणि जुन्या तळ्यांतली राख उपसून, वाळवून, निवडून वापरायची पाळी आली आहे. फौंड्रीची वाळू, दळलेली मळी यांचे दिवस येत आहेत.

महाराष्ट्रात मात्र राखही आहे आणि वाळूही. भारत सरकारने 1999 पासून राख वापरण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढवली आणि डिसेंबर 2021 च्या आदेशाने ती सगळीच्या सगळी वापरायची जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली. विटा, सिमेंट, रस्त्यांचे भराव यांत ती जाते. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या शेकड्याने आहेत आणि त्यांच्या थकलेल्या वाळूचं काय करायचं हा प्रश्न जुना आहे. दुसरीकडे दर पावसाळ्यात मुंबई-पुण्यात बुजवलेले चर खचतातच. माल आणि गरज अशी एकाच राज्यात शेजारी शेजारी आहेत. रेडीमिक्सचे कारखाने आता गावोगाव झाले आहेत. उरतं ते तपासणं आणि निविदेत दोन ओळी लिहिणं: ताकद अमुकहून कमी नको आणि तमुकहून जास्त नको.

आपल्या घरासमोर खणतील तेव्हा

इथे बऱ्याच गावांत घरापासून मुख्य सिवरपर्यंतचा नळ घरमालकाचा असतो. तो बदलायची वेळ आपल्यातल्या अनेकांवर आलेली आहे. कंत्राटदाराला चार प्रश्न जरूर विचारा. बुजवणार कशाने? वाहती भर असेल तर कमाल ताकद किती धरली आहे? त्यात राख किंवा फौंड्रीची वाळू असेल तर तिचा तपासणी अहवाल आहे का? पाईप जखडणार कसा आणि तळघराच्या भिंतीलगत किती हप्त्यांत ओतणार? जिथे पुढे गुलाब किंवा टोमॅटो लावायचे असतील तिथे वरची दीड-दोन फूट जागा मातीसाठी सोडायला सांगा, भरीत मुळं जात नाहीत. जुनी सेप्टिक टँक किंवा तेलाची टाकी बुजवायलाही हाच पदार्थ उत्तम.

घनयार्डाचा भाव पाहिला तर ही भर वाळूपेक्षा महाग पडते, आणि कंत्राटदार तोच आकडा तुमच्यापुढे ठेवेल. त्याला मजुरीचे तास, यंत्राचं भाडं आणि दोन वर्षांनी परत येऊन करायच्या दुरुस्तीचा खर्चही शेजारी मांडायला सांगा. आणि आपल्यापैकी ज्यांचा भाऊ कोल्हापुरात फौंड्री चालवतो, ज्यांची मेहुणी नागपूरच्या महापालिकेत अभियंता आहे, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर तिकडे पाठवून द्यावा. त्यांना मिश्रणाचे हिशोब आणि परीक्षांची माहिती हवी असेल तर संपादकांकडे निरोप ठेवा, मी आनंदाने पाठवीन.